इब्राहीमचं शून्याचं रिटर्न

९ जून २०२४, रविवार

वही खताच्या कंपनीची आहे, मागच्या सालची. छापलेल्या तारखा खोडून मी आपल्या टाकीन. दिवसभर ऑफिसात शुद्ध भाषेत अर्ज लिहून बोटं दुखतात, म्हणून इथं घरच्यासारखं लिहीन. कोणी वाचणार थोडंच आहे.

इब्राहीम गेला आज. सकाळी सातलेच मिनी ट्रक भरला. पत्रा वाकवायची मशीन, कातऱ्या, ऐरण, घरचं सामान, आन् सगळ्याच्या वर मेहरबीभाभीच्या तुळशी-गुलाबाच्या कुंड्या. आदिलाबादले भाभीच्या भावाची रोडवर जागा आहे, तिथं दुकान टाकणार. रिसोडात आता प्लास्टिकचे कूलर आले, याच्या पत्र्याच्या कूलरले कोण विचारते? धान्याच्या कोठ्या त लोकांनी घेणंच सोडलं. त्याचा हिशेब बरोबर आहे. मीच मांडून देल्ला होता.

फेब्रुवारीत तो माझ्यासमोर येऊन बसला न् म्हणाला, "जगदेव, जाऊ का राहू, सांग." मी कॅल्क्युलेटर काढला. तीन सालची विक्री, तिथलं भाडं, इथला खर्च, सगळं एका कागदावर मांडलं आन् कागद त्याच्यापुढं सरकवला. जाणंच फायद्याचं होतं. तो कागदाकडं कमी आन् माझ्याकडं जास्त पाहत होता. मंग म्हणाला, तू म्हणतो त जातो. टॅक्सवाल्याले विचारलं, टॅक्सवाल्यानं सांगतलं. याच्यात माझं काही चुकलं असं मले वाटत नाही.

जाताना गाळ्याची किल्ली माझ्या हातात देल्ली. एखांदं गिऱ्हाईक पाहजो म्हणे, विकून टाकू. आन् जीएसटीचा नंबर बंद करून टाकजो, मांगं लफडं नको. हा नंबर राज्याराज्याचा वेगळा असते. पैनगंगा ओलांडली की माणूस तोच, पॅन तोच, धंदा तोच, पण इकडचा नंबर बंद करा आन् तिकडचा नवा काढा. करतो म्हणलं. व्हॅटच्या जमान्यापासून त्याचं सगळं मीच पाहतो. फीचा एक रुपया कधी घेतला नाही, त्यानंही कधी देऊन पाह्यला नाही. तो दर दिवाळीले माझ्या घरासाठी पत्र्याचं काहीतरी बनवून आणे. पेटी, कोठी, पिठाचा डबा. माझ्या निकिताच्या लग्नातली पेटी त्याचीच, झाकणावर ठोकून ठोकून मोर काढला होता.

ट्रक वळला तवा मी हात केला. त्यानं पाह्यला का नाही, माहीत नाही.

११ जून, मंगळवार

बंद करायचा अर्ज उघडला. कोणत्या तारखेपासून बंद, कारण काय, शिल्लक माल किती. कारणाच्या रकान्यात यादी येते, त्यातलं एक निवडा लागते. "धंदा बंद" निवडलं. आमच्या धंद्याची रीत अशी की दुकानदाराले ओटीपीचं काही समजत नाही, म्हणून नंबर काढताना मोबाईल आपलाच टाकून द्यायचा. रिसोड, रिठद, केनवड मिळून एकशेपाच दुकानांचे सरकारी मेसेज माझ्या मोबाईलवर येतात. इब्राहीमचाही आला, सहा आकडे. दहा मिनिटांची मुदत असते.

मी चहा प्यायले गेलो. वापस येईपर्यंत मुदत संपली होती. उद्या करीन.

२० जुलै, शनिवार

वीस तारीख म्हणजे आमची परीक्षा. सगळ्यांचे रिटर्न आजच. इब्राहीमच्या जूनच्या विक्रीत काहीच नव्हतं, मी शून्याचं रिटर्न भरून टाकलं. शून्याचं रिटर्न साध्या एसेमेसवर भरता येते. एक मेसेज पाठवा, सहा आकडे वापस येतात, ते पुन्हा पाठवले की काम झालं. त्याच्या दुकानाच्या नावानं "विवरण दाखल झाले" असा मेसेज आला. बरं वाटलं.

नंबर चालू असला त कोणाचं काय बिघडते? परक्या मुलखात त्याचा धंदा जमला त जमला, नाही त तो वापस येईन. मंग पुन्हा अर्ज, पुन्हा कागद, पुन्हा तपासणी. चालू असलेलं बंद कायले करा? त्याच्याच भल्यासाठी आहे.

संध्याकाळी त्याचा फोन आला. तिकडं उन्हाळा संपला, पण पेट्या चांगल्या जाऊन राह्यल्या म्हणे. त्याची पोरगी इकरा तिथल्या कॉलेजात बी.कॉम.ले लागली. मंग त्यानं विचारलं, ते नंबराचं झालं का. झालं, म्हणलं. तोंडातून निघून गेलं. उद्या करूनच टाकीन म्हणजे ते खरं होऊन जाईन.

१७ नोव्हेंबर, रविवार

केनवडचा हरीओम म्हणून एक जण गाळा पाहायले आला. जळालेल्या मोटारी भरायचं, वायंडिंगचं काम करते. माणूस सरळ वाटला, भावही बरा सांगतला. मी शटर उघडून देल्लं. त्यानं वर पाहून विचारलं, छत गळत त नाही? मी म्हणलं, गळते. पावसाळ्यात पार तळं होते. तो हळहळला न् निघून गेला.

घाईत विकून नुकसान कायले करा. इब्राहीमले भाव आणखी मिळाला पाहिजे.

दर शुक्रवारी मी शटर उघडून थोडं झाडून घेतो. त्याच्या लाकडी स्टुलावर बसतो पंधरा-वीस मिनिटं. बाजूचा राजपाल टेलर मशीन चालवता चालवता विचारते, जगदेवभाऊ, तुमी इथं काय करता? मी म्हणतो, बंद जागेले उंदरं लागतात.

३१ मार्च २०२५, सोमवार

ईद आन् मार्च एंड एकाच दिवशी. दरवर्षी शीरखुर्म्याचा डबा इकरा घेऊन येत होती. यंदा माझी बायको विजयमालाच शेवया करून बसली, दूध जास्त झालं. इब्राहीमचा फोन आला, पण मी केनवडच्या किराणावाल्याचं बिल जुळवत होतो, नंतर करतो म्हणलं. नंतर रात झाली.

४ डिसेंबर, गुरुवार

सत्यानाश.

दुपारी मी वाशीमले होतो. इकडं जीएसटीचे इन्स्पेक्टर साहेब बाजारात तपासणीले आले, यादीतल्या दुकानांपुढं फोटो काढत गेले. इब्राहीमच्या शटरपुढं उभे राह्यले, कुलूप पाह्यलं, राजपालले विचारलं. राजपाल हरिश्चंद्राचा अवतार. म्हणे, "साहेब, ते त दीड साल झालं आदिलाबादले गेले. त्याईचा दोस्त येते कधी कधी, स्टुलावर बसून जाते."

राजपालनं स्वतःच मले हे सांगतलं, हासत हासत. मी त्याच्यावर खेकसलो. तो म्हणाला, मंग काय खोटं बोलू का?

८ डिसेंबर, सोमवार

कारणे दाखवा नोटीस आली. नोंदवलेल्या जागी धंदा आढळला नाही, सात कामाच्या दिवसांत खुलासा द्या, नंबर तोपर्यंत स्थगित. मेसेज माझ्याच मोबाईलवर. इब्राहीमले याचा वासही नाही.

खुलासा सोपा आहे. धंदा परराज्यात हलवला, नंबर रद्द करावा. दोन ओळी. इतरांसाठी मी असे पन्नास खुलासे लिहले. पण "कधी हलवला" त्याची तारीख टाका लागते. जून चोवीस टाकली त साहेब विचारतील, मंग नोव्हेंबर पंचवीसपर्यंत रिटर्न कोणाचं भरत होते? आन् इब्राहीम विचारीन, तू त म्हणलं होतं झालं.

१३ डिसेंबर, शनिवार

विजयमालानं विचारलं, जेवण काहून जात नाही. शेवटी सांगून टाकलं. तिनं ताट बाजूले सरकवलं न् म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हून उजाडाचं राह्यते का? आत्ताच्या आत्ता फोन लावा इब्राहीमभाईले." मी म्हणलं, सोमवारी लावतो, नीट बोलतो. तिनं माझ्याकडं असं पाह्यलं की मी उठून हात धुतले.

तिले धंद्यातलं समजत नाही. आधी साहेबाकडून काही तोड निघते का पाहू, मंग सांगू. उगी त्याच्या जिवाले घोर कायले?

१९ डिसेंबर, शुक्रवार

मुदत परवाच संपली. खुलासा देल्ला नाही. रोज अर्ज उघडला, रोज तारखेच्या रकान्यापाशी थांबलो.

आन् आजच त्याचा फोन यावा. आवाज एवढा मोकळा बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. तिथल्या एका निवासी शाळेनं साठ कूलरची ऑर्डर देल्ली. मार्चपर्यंत पाहिजेत, पण बिल जीएसटीचंच पाहिजे. म्हणून तेलंगणाचा नंबर काढून राह्यला, अर्ज इकरा स्वतः भरून राह्यली. पोरगी हुशार निघाली जगदेव, तुह्यासारखं बोट चालते तिचं. मंग म्हणाला, त्या फार्मात विचारते, पहिले कुठं नंबर होता का. महाराष्ट्रातला जून चोवीसमध्ये बंद केला, असं लिहलं तिनं. बरोबर हाय ना?

त्या वेळी सांगायचं होतं. ती घडीच तशी होती, तोंड उघडलं असतं त सगळं वाचलं असतं. फॉर्म अजून गेला नव्हता.

मी म्हणलं, बरोबर आहे.

साठ वर्षांचा झालो, डोक्यावर एक काळा केस नाही, आन् पहिलीतल्या पोट्ट्यासारखं पाटी पुसून उभा आहे.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

तिकडच्या ऑफिसातून इब्राहीमले विचारणा आली. तुमच्या पॅनवर महाराष्ट्रात नंबर स्थगित दिसतो, खुलासा करा. इब्राहीम स्वतः तिथल्या साहेबाच्या टेबलापाशी जाऊन आला. फोनवर मले म्हणाला, त्याईच्या कंप्युटरात काही गडबड हाय, तू बंद केल्याचा कागद पाठव, इकरा जोडून देईन.

पाठवतो म्हणलं. दिवसभर बसून राह्यलो. जो कागद नाहीच, तो कुठून काढू?

१५ जानेवारी, गुरुवार

इकराचा फोन आला. इब्राहीमच्या मोबाईलवरून नाही, तिच्या स्वतःच्या. सलाम केला, विजयमालाची तब्येत विचारली, संक्रांतीचे तिळगूळ खाल्ले का विचारलं. मंग शांतपणे म्हणाली, "चाचा, कोणाचाही नंबर टाकला की त्याचे कोणकोणते रिटर्न कोणत्या तारखेले भरले, सगळं साईटवर दिसते. मी अब्बाचा जुना नंबर टाकला. सतरा महिने दर वीस तारखेले भरेल हाय."

मी मोबाईल दुसऱ्या कानाले लावला.

"अब्बाले अजून सांगतलं नाही मी. तुमी सांगता का?"

बावीस वर्षांची पोर. तिनं माझी लाज राखायले वेळ देल्ला. हे तिचे उपकार मी विसरणार नाही.

संध्याकाळी फोन लावला. सगळं सांगतलं, जून चोवीसपासून. तिकडून मशीनचा आवाज येत होता, मंग बंद झाला. तो एवढंच म्हणाला, ठीक हाय, आन् फोन ठेवला.

२४ जानेवारी, शनिवार

तेलंगणातला अर्ज नामंजूर. कारण, अर्जात दिलेली माहिती चुकीची. इथला नंबरही इथल्या ऑफिसानं स्वतःच रद्द केला. नवा अर्ज करता येईन, पण त्याआधी इथलं शेवटचं रिटर्न भरा, सगळे खुलासे जोडा. तोपर्यंत शाळा थांबणार थोडीच. ऑर्डर दुसऱ्याले गेली. साठ कूलरचा पत्रा त्यानं आणून ठेवला होता.

हे मले इकरानं मेसेजमध्ये कळवलं. इब्राहीम फोन उचलत नाही.

आज पहिल्यांदा स्वतःले विचारलं की मी कोणाच्या भल्यासाठी हे केलं. विचारलं, पण उत्तरापर्यंत गेलो नाही. ऑफिसात गिऱ्हाईक बसलं होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

आदिलाबादले जाऊन आलो. वाशीम, पुसद, माहूर, तीन गाड्या बदलल्या. घरी आल्यावर झोप लागत नाही म्हणून लिहतो.

दुकान चांगलं टाकलं त्यानं. पाटीवर तेलुगूत लिहलं आहे, खाली बारीक अक्षरात मराठी. मांगच्या भिंतीले पत्रे टेकवून ठेवले होते, तेच, साठ कूलरचे. मी त्याईकडं पाह्यलं नाही, पण बसायची जागा त्याईच्यासमोरच होती.

मेहरबीभाभीनं आल्या आल्या पाणी देल्लं, तुरीच्या सोल्यांची भाजी न् भाकर केली, जेवल्याशिवाय उठू देल्लं नाही. इब्राहीमही सोबत जेवला. सगळं पहिल्यासारखं, फक्त तो बोलत नव्हता. हात पुसल्यावर बोलला.

"ऑर्डर गेली त गेली जगदेव. धंद्यात होते. पण मी त्या साहेबाच्या टेबलासमोर उभा राहून म्हणलं, साहेब, तुमची मशीन चुकली असल, माहा दोस्त चुकत नाही. सगळ्या ऑफिसासमोर म्हणलं. ते हासले."

मी माफी मागितली. मंग जे इतके दिवस वहीत लिहत आलो तेच सांगतलं. तू वापस आला असता त नंबर तयार राह्यला पाहिजे, म्हणून चालू ठेवला.

तो लय वेळ माझ्याकडं पाहत राह्यला. दोन सालांआधी फेब्रुवारीत त्या कागदावरून पाह्यलं होतं, तसंच. मंग म्हणाला, "मले वापस बलवाचं होतं त मले फोन कराचा होता. सरकारले कायले दर महिन्याले लिहत होता?"

मेहरबीभाभी आत निघून गेली.

"मी तुले विचारलं होतं, जाऊ का राहू. तू हिशेब देल्ला. तुले हिशेब मांगतला नव्हता मी. हिशेब त माह्या इकरालेही येते."

एवढं बोलून तो उठला, गल्ल्यातून पाकीट आणलं आन् माझ्यासमोर ठेवलं. सतरा महिन्यांची फी. बाजारात एका रिटर्नचे किती घेतात ते त्यानं इकराले विचारून घेतलं होतं. मी हात जोडले, अबे असं करू नोको म्हणलं. तो म्हणाला, "घे. आन् पावती दे. पुढच्या कामाले इथला वकील पाह्यला मी, जुने कागद पूर्ण पाह्यजे त्याले."

मी पावती लिहली. माझ्या बॅगेत पावतीबुक असतेच. नाव, काम, रक्कम, खाली सही. त्याच्या नावाची पावती इतक्या सालांत पहिल्यांदा फाडली. त्यानं ती दोन वेळा वाचली, घडी करून खिशात ठेवली, न् मले स्टँडवर सोडायले आला. गाडी हलेपर्यंत उभा होता.

त्याले माझ्यावर चिडता आलं असतं. शिव्या देल्ल्या असत्या त मी पुसदपर्यंत त्याच पुन्हा पुन्हा ऐकत आलो असतो आन् बरं वाटलं असतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

इथलं शेवटचं रिटर्न भरलं. शिल्लक माल, निरंक. देणं, निरंक. आधी इकराले फोन लावला, ती लाईनवर असताना एकेक रकाना वाचून दाखवला, ती हो म्हणाली की पुढं गेलो. शेवटी ओटीपी माझ्याच मोबाईलवर आला. आजवर दुकानदारांच्या नावानं आलेले असे आकडे मी कोणाले वाचून दाखवले नव्हते. तिले वाचून दाखवले. ती म्हणाली, बरोबर, टाका चाचा.

दहा मिनिटांची मुदत होती. एका मिनिटात झालं.

मंग ती म्हणाली की तिकडच्या नव्या अर्जात मोबाईल तिचा टाकला आहे. मी म्हणलं, चांगलं केलं बेटा, तसंच पाहिजे. आता इथल्या दुकानदारांचेही नंबर हळूहळू त्याईच्याच मोबाईलवर करून देऊन राह्यलो. लोक कुरकुरतात, आमाले कुठं समजते म्हणतात. मी म्हणतो, समजून घ्या.

२० मार्च, शुक्रवार

वीस तारीख. सकाळपासून मेसेज येऊन राह्यले. रिठदचा मेडिकलवाला झाला, केनवडचा किराणा झाला, हार्डवेअर झालं. प्रत्येक वेळी मोबाईल वाजला की मी नाव पाहत होतो. कोणतं नाव पाहत होतो ते मले माहीत आहे. आता लिहून टाकतो, लाजायचं कोणाले. दर महिन्याच्या वीस तारखेले त्याच्या दुकानाचं नाव माझ्या मोबाईलवर उमटे आन् मले वाटे की इब्राहीम रिसोडातच आहे, बाजारच्या गल्लीत पत्रा ठोकून राह्यला. भलंबिलं काही नव्हतं. त्यानं जाऊ नये असं मले वाटत होतं आन् ते मी त्याले सांगतलं नाही.

उद्या ईद असल. इकराचा मेसेज आला, नवा नंबर मिळाला, अब्बानं तुमाले कळवाले सांगतलं. शेवटचे चार शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले.

दुपारी गाळ्यावर गेलो. झाडलं, स्टूल बाहेर काढून राजपालच्या दुकानात ठेवलं. मंग तिथं उभ्या उभ्याच केनवडच्या हरीओमले फोन लावला. गाळा अजून पाहिजे का विचारलं. तो म्हणाला, पाहिजे त आहे, पण तुमीच त म्हणलं होतं, छत गळते.

मी म्हणलं, गळत नाही.

तो म्हणाला, मंग दुरुस्त केलं का?

"नाही," म्हणलं, "ते कधीच गळत नव्हतं. मी खोटं बोललो होतो. भाव तुमी त्याच्याशीच बोला, मालकाचा नंबर देतो, लिहून घ्या."

त्यानं पेन शोधला. मी इब्राहीमचा नंबर एकेक आकडा करून सांगतला.